बंडोपंत जेवत नाहीत

या सदराच्या वाचकांची प्रथम क्षमा मागतो. दिवाळी अंकात क्षमायाचनेने सुरुवात करणे फारसे शुभ नाही, हे मलाही कळते. चिवड्याची बशी जवळ ओढून, पाय लांब करून, जरा निवांतपणे तुम्ही हे पान उघडले असेल. आणि पाहता तो लेखक हात जोडून उभा! पण माझा नाइलाज आहे. गेल्या आषाढात याच सदरात ‘मूक शोक’ या नावाचा जो लेख मी लिहिला, त्यातला निम्मा भाग खरा नव्हता. मी मुद्दाम खोटे लिहिले असे मात्र नाही. मला ते खरे वाटत होते. आणि लिहिता लिहिता तर अधिकाधिकच खरे वाटू लागले होते. मराठी शिकवणाऱ्या माणसाचा हा एक व्यवसायजन्य रोग आहे. वीस वर्षे वर्गात करुणरस समजावून सांगितला, की घरातले कुत्रे जेवले नाही तरी त्यात त्याला विभाव-अनुभाव दिसू लागतात.

ज्यांनी तो लेख वाचला नाही, ते सुखी आहेत. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सांगलीत आमच्या घरी बंडोपंत नावाचे एक वृद्ध गृहस्थ राहतात. कुळ गावठी, वर्ण खरपूस भाजलेल्या भाकरीचा, उजवा कान उभा आणि डावा पडलेला. २०१२ साली पेन्शनच्या कसल्याशा कागदासाठी अण्णा, म्हणजे माझे वडील, आपल्या जुन्या डाकघरात गेले आणि येताना कापडी पिशवीतून हे पिल्लू घेऊन आले. छत्तीस वर्षे टपालखात्यात काढलेल्या माणसाने कुत्रे पाळावे, हा आमच्या गल्लीत बरेच दिवस थट्टेचा विषय झाला होता. पोस्टमनच्या पोटऱ्या आणि कुत्र्यांचे दात यांचे नाते फार जुने. अण्णा म्हणत, “इतकी वर्षं एकाच बाजूच्या तक्रारी ऐकल्या. आता दुसरी बाजू ऐकतो.”

तेव्हा तो नुसता बंड्या होता. चपला, पायपुसणी, माझ्या पीएच.डी.च्या (अद्याप अपुऱ्या) प्रबंधाचे दुसरे प्रकरण, असे बरेच काही त्याने खाल्ले. त्या काळी त्याला काय खाऊ घालावे हा प्रश्न नव्हता. काय खाऊ देऊ नये एवढाच होता. पुढे तोंडावर पांढरे आले, चालीत जडपणा आला, आणि बंड्याचे बंडोपंत कधी झाले ते आम्हाला कळलेही नाही. आता त्यांना तेरावे सरले आहे. कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो काही बरोबर नाही, मोठ्या अंगाची कुत्री लवकर म्हातारी होतात आणि लहान चणीची उशिरा. पण कुठल्याही हिशेबाने पाहिले तरी बंडोपंत आमच्या घरातले सर्वांत ज्येष्ठ सभासद ठरतात.

यंदा, २०२५ च्या फेब्रुवारीत, अण्णा गेले. ऐंशीला एक वर्ष कमी होते. रात्री जेवून, बंडोपंतांना जेवू घालून, आडवे झाले ते सकाळी उठलेच नाहीत. असे मरण भाग्याचे, असे भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला. भाग्याचे असेलही, पण घरातल्या माणसांना निरोप घ्यायला दोन मिनिटे मिळती तर बरे झाले असते.

आणि मग चैत्रापासून बंडोपंत अन्न टाकू लागले.

त्यांची रीत मोठी विलक्षण होती. भांडे वाजले की ते उठत, सावकाश चालत येत, मान खाली घालून वास घेत. आणि जणू काही आठवल्यासारखे तिथेच थबकत. एखादा घास तोंडात घेत, पुन्हा खाली ठेवत, आणि परत फिरून अण्णांच्या कॉटखाली जाऊन पडत. आता तुम्हीच सांगा, हे दृश्य पाहून मराठीच्या प्राध्यापकाला काय वाटावे? मला त्यात विरक्ती दिसली. अन्नापर्यंत येऊन अन्नाकडे पाठ फिरवणारा तो जीव! मी लेखणी उचलली. स्वर्गाच्या दारी कुत्र्यावाचून आत जायला नकार देणारा युधिष्ठिर मी लेखात आणला. जपानचा हाचिको आणला. त्याचे मालक उएनो हे तर टोकियोच्या विद्यापीठातले प्राध्यापक, म्हणजे आमच्याच व्यवसायातले. ते १९२५ साली वारले आणि पुढे जवळजवळ दहा वर्षे तो कुत्रा शिबुया स्टेशनावर त्यांची वाट पाहत राहिला. शेवटी मी लिहिले, की बंडोपंतांच्या उजव्या डोळ्याखाली अश्रूंची एक ओली रेघ मी प्रत्यक्ष पाहिली आहे.

ती रेघ खरोखरच होती. तेवढे मात्र मी रचले नव्हते.

लेख फार गाजला. पत्रे आली. एका भगिनींनी कळवले, की लेख वाचून त्यांच्या घरी संध्याकाळची पोळी कोणाच्या घशाखाली उतरली नाही. आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये, जिथे एकमेकांचे लेख न वाचण्याची फार जुनी परंपरा आहे, तिथेही दोघांनी माझा हात दाबला. मी कृतार्थ झालो. बंडोपंत मात्र तिकडे उपाशीच होते.

माझ्या शोकमीमांसेवर आमच्या सौभाग्यवतींचा विश्वास नव्हता. तिचे म्हणणे एवढेच, की जेवत नाही म्हणजे जेवण आवडत नाही. “अहो, रोज तीच पोळी आणि तेच दूध. तुम्ही तरी खाल का?” मग आमच्या स्वयंपाकघरात एक अभूतपूर्व पर्व सुरू झाले. दहीभात झाला, साजूक तुपाचा मऊभात झाला, नाचणीची आंबील झाली, बिस्किटे झाली. नवा पदार्थ आला की बंडोपंत त्याला एक दिवस मान देत, म्हणजे चार घास चाटून घेत. दुसऱ्या दिवशी त्याच पदार्थाकडे अशा काही नजरेने पाहत, की करणारीला आपला स्वयंपाकच विसरल्यासारखे वाटावे. सौ. चिडे, पण पुन्हा पदर खोचे. आमच्या लग्नाला अठरा वर्षे झाली. माझ्यासाठी तिने एका आठवड्यात पाच निरनिराळे पदार्थ केल्याचे मला स्मरत नाही. पण तो विषय वेगळा.

एके दिवशी तिने शिरा केला. सांगली-तासगावचा भाग बेदाण्यांचा. इकडे घरात मीठ नसेल, पण बेदाणे असतात. शिऱ्यात ते सढळ हाताने पडले होते. बंडोपंतांनी शिरा हुंगला आणि मान फिरवली. “नखरे बघा!” असे सौ. म्हणाली, आणि वाटी माझ्या चिरंजीवांनी संपवली. शेजारच्या काकूंनी एकदा वाटीभर तांबडा रस्सा पाठवला. “एवढा लावा भाकरीला, उठून बसेल बघा,” असा निरोप होता. बंडोपंतांनी तोही नाकारला. पुढे कळले ते असे, की द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक असतात. एखाद्या कुत्र्याला थोड्याशा दाण्यांनीही अपाय होतो. कांदा आणि लसूण यांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि रस्सा म्हणजे दुसरे काय असते? चॉकलेट वाईट, आणि बिनसाखरेच्या म्हणून ज्या गोळ्या मिळतात त्यांतला एक गोडवा तर फारच वाईट. म्हणजे ज्याला आम्ही हट्ट हट्ट म्हणत होतो, त्या हट्टानेच त्या महिन्यात दोनदा त्यांचा जीव वाचवला.

या सगळ्या काळात खरे निदान फक्त एका व्यक्तीने केले होते, आणि तेही ज्येष्ठातच. आमच्याकडे धुणेभांडी करायला येणाऱ्या मावशींच्या घरी म्हशी आहेत. एकदा भांडी घासता घासता त्या म्हणाल्या, “सर, त्येच्या तोंडात काय तरी झालंय बगा. एकाच अंगानं चावतंय त्ये.” मी हसलो. कसे हसलो ते आठवले की आज माझे मलाच कसेसे होते. शिकलेला माणूस न शिकलेल्या माणसाला “असेल, असेल” म्हणताना हसतो, तसे हसलो, आणि वर जाऊन ‘मूक शोक’चा दुसरा खर्डा करू लागलो.

श्रावण लागला त्याच आठवड्यातली गोष्ट. माझी मुलगी आठवीत आहे. ती बंडोपंतांजवळ जमिनीवर पालथी पडून काहीतरी वाचत होती. एकाएकी म्हणाली, “बाबा, याचा एक डोळा लहान झालाय.” पाहतो तो उजव्या डोळ्याखाली लिंबाएवढी सूज. तिथे हात नेताच तेरा वर्षांत कधी कोणावर न गुरगुरलेले बंडोपंत माझ्यावर गुरगुरले.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, आणि योगायोग असा, की अकरावी-बारावीला त्या माझ्याच वर्गात होत्या. आम्हाला पाहून त्या उठून उभ्या राहिल्या. “सर, तुमचा लेख वाचला मी. आईलाही वाचून दाखवला.” मी नम्रतेने मान लववली. त्यांनी बंडोपंतांचा वरचा ओठ अलगद उचलला, आत पाहिले, आणि क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, “सर, पण एकाच डोळ्यानं कोण रडतं?”

वर्गात मी या मुलीला कधी पासष्टाच्या वर गुण दिले नव्हते.

मग त्यांनी मला समजावून सांगितले, आणि मी मागच्या बाकावरच्या मुलासारखा ऐकत उभा राहिलो. कुत्र्याला बेचाळीस दात असतात. त्यांतली वरच्या ओळीतली जी मोठी दाढ, तिची मुळे थेट डोळ्याखालपर्यंत गेलेली असतात. ती दाढ कधीतरी चिरली होती, मुळाशी पू साठला होता, आणि त्याने डोळ्याखाली वाट काढली होती. माझी अश्रूंची ओली रेघ ती हीच. “ज्याची खायची इच्छाच मेली, तो भांड्यापर्यंत सहसा येत नाही, सर. हा येतो, वास घेतो आणि परत जातो. म्हणजे भूक आहे. एक तर तोंड दुखतंय, नाहीतर पोटात मळमळतंय. घास तोंडातून खाली पडायचा का? तोंडाला वास यायचा का?” दोन्हींची उत्तरे होकारार्थी होती. वास तर इतका येत होता, की आम्ही त्यांची गोधडी दोनदा धुतली होती. तोंड उघडून पाहावे असे मात्र कोणाला सुचले नाही. कुत्री दुखणे लपवतात, दातांचे तर फारच. ओरडत नाहीत, विव्हळत नाहीत. नुसती जेवण सोडतात आणि आपण त्यांना चोचले म्हणतो.

भूल देण्याआधी रक्त तपासले, तेव्हा दुसरी गोष्ट निघाली. मूत्रपिंडे थकली आहेत. दोन-तृतीयांशांहून अधिक काम बंद पडेपर्यंत हे दुखणे बाहेर फारसे दिसतच नाही म्हणे. उन्हाळ्यापासून पाणी फार पीत होते खरे. आम्ही म्हटले, यंदा ऊन कडक आहे.

माणसाच्या दुखण्याला आमच्याजवळ मिरज आहे. कुत्र्याच्या दाढेसाठी मात्र कोल्हापूर गाठावे लागले. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांनी सरळच सांगितले, की या वयात आणि या मूत्रपिंडांनिशी भूल देणे जोखमीचे आहे. शिरेतून आधी पाणी चढवतील, काळजी घेतील, पण जोखीम आहे. दाढ ठेवली तर मात्र तो जेवणार नाही, हे नक्की. “विचार करून सांगा. आणि सर, आधी त्याला कोण जेवू घालायचं? काय द्यायचे, कसं द्यायचे, ते जरा घरी विचाराल का?”

मी माईला विचारले. माई देवघरापाशी वाती वळत बसली होती.

“कसं म्हणजे? कुस्करून,” ती म्हणाली. “भाकरी दुधात भिजवायची, मग हातानं पार कालवून लापशीसारखी करायची. कोमट करायची. दोघांचं एकदमच व्हायचं ना. गेल्या दिवाळीपासून यांची कवळी बसेना, तेव्हा हे तसंच खायचे. अर्धं यांच्या ताटलीत, अर्धं त्याच्या. डाव्या गालात एकेक घास सारायचे. म्हणायचे, याचा उजवीकडे काहीतरी घोटाळा आहे, एकदा दाखवून आणला पाहिजे.”

मी थक्कच झालो. म्हणजे अण्णांना ठाऊक होते! अण्णा गेले, कुस्करा बंद झाला, आणि आम्ही बंडोपंतांपुढे अख्खी पोळी टाकू लागलो.

“अगं माई, मग तू बोलली का नाहीस?”

“विचारलंत कुठे?” माई म्हणाली. वात पुरी वळून तिने ताटलीत ठेवली. “आणि तुझा तो लेख आला. तू लिहिलंस, यांच्या आठवणीनं तो जेवत नाही. मला वाचून बरं वाटलं. वाटलं, घरात आणखी कोणीतरी आहे.”

यावर मी काय बोलणार? मी उठून डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि उद्या येतो म्हणून सांगितले.

त्या दिवसाचे वर्णन करीत नाही. दवाखान्याच्या बाकावर मी साडेतीन तास बसलो होतो, आणि त्या वेळात एकही उपमा मला सुचली नाही. तीन दात काढले. संध्याकाळी बंडोपंत लटपटत बाहेर आले, माझ्या बुटांचा वास घेतला, आणि तिथेच माझ्या पायांवर बसले.

आता खरा प्रश्न, त्यांना जेवू कसे घालायचे. या बाबतीत मी आता थोडा अधिकारी माणूस झालो आहे. तेव्हा ज्यांच्या घरी असे कोणी ज्येष्ठ असतील, त्यांनी पुढचे जरा लक्ष देऊन वाचावे. थंड अन्नाला वास नसतो, आणि म्हाताऱ्या कुत्र्याचे नाक पहिल्यासारखे राहिलेले नसते. म्हणून घास कोमट हवा, आपल्या हाताला सुखावेल इतपतच, चटका बसेल असा नव्हे. दिवसातून दोनदा भरभक्कम देण्यापेक्षा चारदा थोडे थोडे. मानेचे आणि पुढच्या पायांचे सांधे धरलेले असतात, खाली वाकताना ते दुखतात. आम्ही भांडे दोन पाटांवर ठेवतो, आणि फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून खाली गोणपाट अंथरतो. जेवताना भोवती गर्दी करून “खा रे, खा रे” म्हणत उभे राहू नये. वीस मिनिटांत खाल्ले नाही तर भांडे उचलावे आणि दोन तासांनी ताजे द्यावे. दर अर्ध्या तासाने नवा पदार्थ पुढे केला, तर थांबले की अधिक चांगले मिळते एवढेच त्याला कळते. (हे शेवटचे सौ.ला पटायला पंधरा दिवस लागले.) भातात गोळी दडवू नये. आम्ही ते एकदा केले, आणि पुढचे दोन दिवस बंडोपंतांनी भातावर बहिष्कार घातला. गोळी वेगळी, चमचाभर उकडलेल्या लाल भोपळ्यात, भात वेगळा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, म्हाताऱ्या कुत्र्याने पूर्ण एक दिवस अन्न टाळले, तर दुसऱ्या दिवशी लेख लिहायला बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

मूत्रपिंडांसाठी वेगळे पथ्य आले. विकत मिळणारे खास अन्न बंडोपंतांनी एकदा तोंडात घेऊन माझ्या चपलेवर परत केले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पथ्याचं अन्न पोटात गेलं तरच पथ्य, सर. काहीतरी खाणं महत्त्वाचं.” मग तडजोड निघाली ती मऊ भात, भोपळा आणि अंड्याचा पांढरा बलक, अशी. पिवळा नको, मूत्रपिंडांना जो फॉस्फरस जड जातो, तो पिवळ्यात फार असतो.

अंडे! आमच्या घरात, श्रावणात! मी आणि सौ. एकमेकांकडे पाहत राहिलो. माईच्या स्वयंपाकघरात पन्नास वर्षांत कांदासुद्धा चातुर्मासात आलेला नाही. मागच्या गॅलरीत वेगळी शेगडी मांडावी, वेगळे पातेले आणावे, माईला कळू देऊ नये, असे आमचे कुजबुजत ठरत होते, तोच माई दारात येऊन उभी राहिली. “गॅलरीत कशाला? पावसाचं झिरपतं तिथं,” ती म्हणाली. “आण अंडी. मला फक्त दाखव, पांढरं वेगळं कसं काढायचं ते.” आता चौऱ्याहत्तर वर्षांची माई रोज सकाळी सोवळे नेसायच्या आधी अंडे फोडते, आणि एका टरफलातून दुसऱ्यात बलक असा काही झेलते, की भल्या भल्या आचाऱ्यांनी पाहत राहावे. पिवळा भाग चिरंजीवांच्या पोटात जातो. त्याचे वजन दोन किलोंनी वाढले आहे.

परवा वर्गात संत नामदेव शिकवत होतो. कुत्र्याने पोळी पळवली, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नका देवा म्हणाले, ही कथा आपण सर्वांनीच ऐकली आहे. मी ती दरवर्षी सांगतो, आणि त्यातून अद्वैत काढून दाखवतो. यंदा सांगता सांगता माझ्या डोळ्यांपुढे काही वेगळेच आले. कोरडी पोळी म्हाताऱ्या दातांना टोचते, तुपाने ती मऊ होते! तसे मी बोलूनही गेलो. मुले हसली. मागून एकाने विचारले, “सर, हे परीक्षेत लिहिलं तर गुण मिळतील?”

आणखी एक चूक दुरुस्त करायची आहे. माझ्या मुलीने हाचिकोविषयी शोधून काढले आणि मला आणून दाखवले. १९३५ च्या मार्चमध्ये तो मेला, तेव्हा त्याच्या पोटात कोंबडीचे भाजलेले तुकडे ओवण्याच्या चार काड्या सापडल्या. त्याला कर्करोग होता, हेही २०११ साली जपानी संशोधकांनी जपून ठेवलेल्या अवयवांवरून दाखवले. “म्हणजे बाबा, तो वाट बघत होता, आणि स्टेशनवर लोक देतील ते खातही होता,” ती म्हणाली. “दोन्ही करता येतं.” तेरा वर्षांच्या मुलीला हे जेवढ्या सहज दिसले, तेवढे मला दिसले नव्हते.

हिनेच एक वही केली आहे. बंडोपंतांनी केव्हा, काय, किती खाल्ले, ते तीत लिहायचे. डॉक्टरीणबाईंना दाखवावे लागते. ‘सकाळ – पाऊण वाटी, दुपार – चार चमचे, संध्याकाळ – नाही,’ अशी ती वही. संध्याकाळचे ‘नाही’ काही केल्या हटेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वडील त्याच्याबरोबर जेवायचे ना? मग कोणीतरी बसून बघा जेवायला.” मी बसलो. बंडोपंतांनी माझ्याकडे पाहिले आणि झोपी गेले. सौ. बसली, तिचाही पाड लागला नाही. शेवटी माईने अण्णांची बैठी खुर्ची ओढली, आपली ताटली मांडीवर घेतली, आणि काही न बोलता भात कालवू लागली. एक घास तिने खाल्ला, एक बोटांवर घेऊन पुढे केला. बंडोपंत उठून आले.

त्यानंतर आठवड्याने मी सहज ती वही चाळली. संध्याकाळच्या रकान्याशेजारी मुलीने पेन्सिलीने आणखी एक रकाना आखला होता. वर लिहिले होते, ‘आजी’. मी तिला हाक मारली. ती म्हणाली, “बाबा, आजोबा गेल्यापासून आजी संध्याकाळी फक्त चहा आणि टोस्ट घ्यायची. तुम्ही सगळे टीव्हीसमोर असायचा. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

मला माहीत नव्हते. फेब्रुवारी ते ऑगस्ट, सहा महिने, मला माहीत नव्हते.

हे लिहितो आहे ते भाद्रपदात. दिवाळी अंकाचा मजकूर संपादकांना तेव्हाच लागतो. त्यामुळे तुम्ही हे वाचाल त्या दिवशी बंडोपंत असतील की नाही, मी सांगू शकत नाही. डॉक्टरीणबाईंनी महिन्यांचाच हिशेब दिला आहे, वर्षांचा नाही. फटाक्यांच्या चार दिवसांसाठी आतली खोली तयार ठेवायची आहे. खिडकीला जाड चादर, रेडिओ मंद लावलेला, आणि जेवण आवाज सुरू व्हायच्या आत. नेपाळात नरकचतुर्दशीला कुत्र्यांना हार घालून, टिळा लावून गोडधोड देतात, असे मुलीने माईला सांगितले आहे. माईने गोडधोडाचा बेत रद्द केला आहे; हार घालणार म्हणते.

कालच्या नोंदी अशा आहेत. बंडोपंत, संध्याकाळ – पाऊण वाटी, स्वतःहून. आजी – अर्धी भाकरी, भात, भोपळ्याची भाजी, ताक.

“अरे, भात निवतोय,” असा आतून माईचा आवाज येतो आहे. तो मला आहे की बंडोपंतांना, ते कळत नाही. ते माझ्या टेबलाखालून उठले आहेत. तेव्हा मीही उठतो.